जमीन ‘गेली’

कॅनबेरात नोकरीला लागले त्या वर्षीची गोष्ट. मे महिना संपत आला होता, थंडीने चांगलाच जोर धरला होता आणि ऑफिसात लिफ्टशेजारच्या फळ्यावर एक पोस्टर लागलं: ‘नॅशनल रिकन्सिलिएशन वीक, २७ मे ते ३ जून’. मी अकाउंट्समधली. इथलं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. मला वाटलं, काय शिस्तीची माणसं आहेत ही, वर्षअखेर जवळ आली म्हणून देशभर बँक रिकन्सिलिएशनचा सप्ताह पाळतात! शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मी विचारलंसुद्धा, ‘आपण कुठली खाती आधी घ्यायची?’ त्या आधी खळखळून हसल्या. मग खुर्ची जवळ ओढून, घरातल्या जुन्या आजारपणाबद्दल बोलावं तशा दबक्या आवाजात त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं.

२७ मे ही १९६७ च्या सार्वमताची तारीख. देशाच्या शिरगणतीत ॲबोरिजिनल, म्हणजे इथली मूळ रहिवासी माणसंही धरावीत आणि केंद्र सरकारला त्यांच्यासाठी कायदे करता यावेत, यासाठी घटना बदलायला नव्वद टक्क्यांहून जास्त मतदारांनी त्या दिवशी होकार दिला. ३ जून ही मूळ लोकांच्या जमिनीवरच्या हक्काबद्दलच्या १९९२ च्या माबो निकालाची तारीख. या दोन तारखांच्या मध्ये, इथले मूळ लोक आणि नंतर येऊन राहिलेले यांच्यातलं नातं सांधण्यासाठी, हा आठवडा बसवलाय.

संध्याकाळी आईशी फोनवर बोलताना ही फजिती सांगायला गेले आणि अडले. रिकन्सिलिएशनला मराठीत काय म्हणू? ‘समेट’ म्हटलं तर दोन बरोबरीच्या माणसांचं भांडण डोळ्यासमोर येतं. ‘सलोखा’ म्हटलं की आधी कधीतरी तो होता असं वाटतं. ‘मनोमीलन’ हा शब्द तर राजकीय पक्षांनी निवडणुकीच्या तोंडावर इतका वापरलाय, की त्याला आता कुणी हात लावू नये. शेवटी मी आईला म्हटलं, ‘अगं, हिशेब जुळवायचा आठवडा.’ आणि मग वाटलं, आपण पहिल्यांदा समजलो होतो तेच बरोबर होतं की काय. बँक रिकन्सिलिएशनमध्ये कुणी कुणाच्या गळ्यात पडत नाही. दोन वह्या समोरासमोर ठेवायच्या आणि एकीत असलेली पण दुसरीत न चढवलेली नोंद शोधायची. ती सापडेपर्यंत कितीही गोड बोला, ताळा लागत नाही.

याला बरीच वर्षं झाली. आता माझी लेक तिसरीत आहे. गेल्या वर्षी याच आठवड्यात तिच्या शाळेने पालकांना मदतीला बोलावलं होतं. मुलांनी जाड पुठ्ठ्यावर आपापला पंजा ठेवून पेन्सिलीने गिरवला होता, कापला होता, रंगवला होता. काळा, पिवळा, तांबडा हे ॲबोरिजिनल झेंड्याचे रंग. हिरवा, निळा, पांढरा हे टोरेस स्ट्रेट बेटांवरच्या लोकांच्या झेंड्याचे. प्रत्येक पंजाला मागून बांबूची काडी चिकटवलेली. असे तीनेकशे हात हिरवळीवर रोवायचे होते. कॅनबेराचा मे महिना म्हणजे सकाळी गवतावर पांढरं दहिवर गोठलेलं. जमीन अशी टणक, की काड्या कटाकट मोडायला लागल्या. शेवटी एक बाबा गाडीतून ड्रिल घेऊन आले आणि मातीत भोकं पाडत पुढे निघाले. आम्ही चारजणी त्यांच्या मागून, भाताची लावणी करत असल्यासारख्या वाकून, एकेका भोकात एकेक हात. बाईंनी मुलांना एकच नियम घालून दिला होता: पुठ्ठ्यावर नाव लिहिल्याशिवाय हात लावायचा नाही. मी तो लेकीला मराठीत सांगितला आणि मलाच हसू आलं. आमच्या घरात ‘हात लावायचा नाही’ याचा अर्थ वेगळा होता.

या पुठ्ठ्याच्या हातांची मूळ गोष्ट आमच्या शहरातलीच आहे. १२ ऑक्टोबर १९९७ ला इथल्या संसद भवनासमोरच्या हिरवळीवर प्लास्टिकचे ७०,००० हात रोवले गेले. याच सहा रंगांचे. प्रत्येकावर एका नागरिकाची सही. ‘सी ऑफ हँड्स’ म्हणजे हातांचा समुद्र. तो उभा केला ऑस्ट्रेलियन्स फॉर नेटिव्ह टायटल अँड रिकन्सिलिएशन या नव्यानेच निघालेल्या संघटनेने. नेटिव्ह टायटल म्हणजे मूळ लोकांचा जमिनीवरचा हक्क. मुळात हा सह्यांचा अर्ज होता. पण सह्यांचा अर्ज म्हणजे कागदाचा गठ्ठा. मंत्र्यांचा स्वीय सहायक तो घेतो, पोच देतो आणि कपाटात टाकतो. इथे कुणाच्या तरी डोक्यात आलं, की सही कागदावर नको, हातावर घेऊ आणि हात जमिनीत रोवू. खिडकीतून बाहेर बघितलं की दिसलंच पाहिजे. चित्रकलेच्या दृष्टीने यात काय थोर आहे, हे मला विचारू नका. फोटोत बघितलं तर आधी फुलांचा ताटवा वाटतो. मग नजर बसते आणि लक्षात येतं, की ही सगळी माणसं हात वर करून उभी आहेत. वर्गात हजेरी देतात तशी.

ही हजेरी कशासाठी होती ते सांगायचं तर बेटावर जावं लागेल.

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य टोकापलीकडे टोरेस सामुद्रधुनीत मेर नावाचं छोटं बेट आहे. एडी कोइकी माबो तिथला. पोटासाठी टाउन्सविलला आलेला, विद्यापीठात माळीकाम करायचा. १९७०च्या दशकात एकदा तिथल्या दोन इतिहासकारांशी गप्पा मारताना तो आपल्या गावच्या जमिनीबद्दल सांगत होता आणि त्यांना त्याला सांगावं लागलं, की बाबा, कायद्याने ती तुझी नाही, सरकारची आहे. माबोला ते खरंच वाटेना. मेरवर कुणाची बाग कुठे संपते, कुणाची सुरू होते, हे पोराटोरांना पाठ असतं. अमुक झाड, तमुक दगड, हा ओहोळ. बापाकडून मुलाकडे आलेलं. आपल्याकडे बांधावरून भाऊ भाऊ डोकी फोडतात, त्या माणसांना सांगून बघा की हा बांध मुळात नव्हताच!

पण इंग्रजी कायद्याचं म्हणणं थेट तसंच होतं. १७८८ मध्ये इंग्रज उतरले तेव्हा ही जमीन बेवारस होती. माणसं होती, पण मालक नव्हते. १९८२ मध्ये माबो आणि आणखी चौघे कोर्टात गेले. दहा वर्षं खटला चालला. पुराव्यात मेरवरच्या मालो या देवाचे नियम सांगितले गेले. त्यातला एक वाचून मी थबकले: मालो आपले हात आपल्यापाशी ठेवतो, जे आपलं नाही त्याला हात लावत नाही. आमच्या आजीनेच सांगितला असावा असा नियम. ज्या लोकांना जमिनीची मालकी कळतच नाही असं दोनशे वर्षं धरून चाललं, त्यांच्या देवाचा पहिला धडा शेजाऱ्याच्या बागेत न शिरण्याचा होता.

३ जून १९९२ ला उच्च न्यायालयाने (इथलं सर्वांत वरचं कोर्ट तेच) सहा विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला: या लोकांचा जमिनीवर हक्क होता आणि जिथे तो नंतर कायद्याने मोडला गेला नाही तिथे तो अजून आहे. आपल्याकडच्या महसुली भाषेत सांगायचं तर कोर्टाने नवी जमीन वाटली नाही, जुनी वहिवाट मान्य केली. निकाल ऐकायला माबो नव्हता. जानेवारीतच कॅन्सरने गेला होता. तीन वर्षांनी टाउन्सविलच्या कबरस्तानात त्याच्या थडग्याचं अनावरण झालं आणि त्याच रात्री कुणीतरी त्यावर रंगाने स्वस्तिकं फवारली, हिटलरवाली, आणि त्याचा कांस्याचा मुखवटा उपटून नेला. मग घरच्यांनी त्याला तिथून काढून मेरवर नेलं. आता तो आपल्या गावच्या मातीत आहे.

डिसेंबर १९९६ मध्ये विक नावाच्या दुसऱ्या खटल्यात कोर्टाने आणखी एक पाऊल टाकलं. गुराखी कंपन्यांना सरकारने चराईच्या पट्ट्याने दिलेल्या अफाट जमिनी आहेत. नुसत्या पट्ट्यामुळे मूळ लोकांचा हक्क आपोआप संपत नाही, दोन्ही एकत्र नांदू शकतात, आणि जिथे टक्कर होईल तिथे पट्टेदाराचं चालेल. नीट वाचलं तर फार सौम्य निकाल आहे हा. पण पंतप्रधान जॉन हॉवर्ड टीव्हीवर देशाचा नकाशा हातात धरून बसले आणि म्हणाले, बघा, ७८ टक्के देशावर दावे लागू शकतात. शहरातल्या माणसाला वाटलं, आता माझं परसदार जाणार. हा हक्क आवळणारी दहा कलमी योजना सरकारने आणली. त्या योजनेविरुद्ध ते ७०,००० हात उभे होते. एका बाजूला टीव्हीवरचा तो नकाशा, दुसऱ्या बाजूला हिरवळीवरचे हात.

तो कायदा पुढच्या वर्षी मंजूर झाला. थोडीफार घासाघीस होऊन, पण झाला. हे लिहिलंच पाहिजे, कारण अशा कलाकृतींबद्दल लिहिताना ‘आणि मग सगळ्यांचं मन बदललं’ असं लिहायचा मोह होतो. हात रोवून झाल्यावर काढून ठेवावे लागले आणि संसदेत बहुमत ज्यांचं होतं त्यांचंच राहिलं. मात्र ते हात नंतर गावोगाव फिरले आणि कालांतराने सह्यांचा आकडा तीन लाखांपर्यंत गेला. मग २८ मे २०००. सुमारे अडीच लाख लोक सिडनीचा हार्बर ब्रिज चालत ओलांडून गेले. सहाएक तास ती रांग चालली होती आणि वर आकाशात विमानाने धुराने ‘सॉरी’ असं लिहिलं. पंतप्रधान आले नाहीत. सरकारी माफी आली ती १३ फेब्रुवारी २००८ ला, दुसऱ्या पंतप्रधानांकडून.

आता आजीबद्दल.

आमचं घराणं रत्नागिरीकडचं, खोताचं. माझ्या लहानपणी खोतीपैकी काही उरलं नव्हतं. एक मोठं पडकं घर, चार माड आणि आजीची तक्रार. ‘आमची जमीन गेली.’ दुपारी भाजी निवडताना, दिव्याची वात वळताना, कुणी पाहुणा आला की, कुणी नाही आला तरी. खाडीकाठचा मळा गेला, वरकस गेली. कूळकायद्यात गेली. १ एप्रिल १९५७ ला ज्यांच्या नांगराखाली जमीन होती तेच मालक ठरले, ही तारीख सरकारने कृषक दिन म्हणून मुक्रर केली होती. आमच्या घरात त्या तारखेला एप्रिल फूल म्हणत. मळा ज्या कुळाकडे होता त्याला आजी ‘तो’ म्हणायची. ‘त्याने’ आमचं मीठ खाल्लं, ‘त्याला’ आम्ही बी दिलं. मीही कितीतरी वर्षं हे असंच मानलं, की आम्ही लुबाडलेली माणसं आहोत.

‘गेली’ हे क्रियापद मोठं सोयीचं आहे. वीज जाते, वेळ जाते, तशी जमीन जाते. नेली कुणी, दिली कुणी, त्याआधी आली कुठून, काही सांगावं लागत नाही. आणि ‘आमची’ होती म्हणजे काय, तर पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणारा दुसराच, पिकाचा अर्धा वाटा आमच्या कोठीत, वर लग्नामुंजीला त्याची वेठ. खोती बंद करा असं विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्येच मुंबईच्या विधिमंडळात मांडलं होतं, हे मला कुणी घरी सांगितलं नाही. शाळेतही सांगितल्याचं आठवत नाही. आमच्या वहीत ती नोंदच नव्हती.

म्हणून पॉल कीटिंगचं रेडफर्नचं भाषण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी व्याकरणापाशीच अडकले. १० डिसेंबर १९९२, माबो निकालाला सहा महिने झालेले, सिडनीतल्या रेडफर्न पार्कात पंतप्रधान उभे राहून बोलतायत. समोर बहुतेक ॲबोरिजिनल माणसं. पुढच्या रांगांत कुजबुज चाललेली, नेहमीचा पुढारी आहे म्हणून. आणि तो माणूस वाक्यामागून वाक्य ‘आम्ही’ने सुरू करतो. आम्ही जमिनी घेतल्या. आम्ही खून केले. आम्ही आयांपासून मुलं तोडली. गर्दी हळूहळू गप्प होते, मग टाळ्या सुरू होतात. जमिनी ‘गेल्या’ नव्हत्या. कर्ता जागेवर आला होता. माझ्या धंद्याच्या भाषेत, नोंद चढली होती.

सही केलेल्या हाताचं मला पटतं ते याचसाठी. त्यावर नाव असतं.

नावं नसलेल्यांचं स्मारकही याच शहरात आहे, नॅशनल गॅलरीत. देशाच्या उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमधल्या रामिंगिनिंगच्या ४३ चित्रकारांनी ते केलंय. २०० पोकळ लाकडं. वाळवीने आतून पोखरलेले झाडांचे बुंधे शोधून आणायचे, तासायचे, गेरू, काव, पांढरी माती, कोळसा यांनी रंगवायचे आणि मेलेल्या माणसाची हाडं त्यात ठेवायची, ही त्या भागातली अंत्यविधीची जुनी रीत. १९८८ मध्ये गोऱ्यांनी वसाहतीची २०० वर्षं साजरी करायला घेतली तेव्हा जॉन मंडाइन या ॲबोरिजिनल कलासंयोजकाच्या कल्पनेतून हे उभं राहिलं. वर्षाला एक, अशी दोनशे लाकडं. जमीन राखताना जे मेले आणि ज्यांना रीतसर मूठमाती मिळाली नाही, त्यांच्यासाठी. मधून एक वाट जाते, ती ग्लाइड नदी. नदीकाठी ज्या कुळाची जमीन जिथे, त्या कुळाची लाकडं तिथे. ‘कूळ’ हा शब्द मी इथे घराण्याच्या अर्थाने लिहिला आणि मग जाणवलं, मराठीत जमीन कसणाराही कूळच. काही लाकडं माझ्या कंबरेएवढी, काही डोक्याच्या वर. त्यांवरच्या रेघा जवळून पाहिल्या तर एखाद्या केसासारख्या बारीक, सरळ, एकीशेजारी एक. त्या वाटेने चालताना आवाज आपोआप खाली येतो. माझी लेक तेवढ्यात मला म्हणाली, ‘आई, हे जंगलात आल्यासारखं वाटतंय पण पक्षी नाहीत.’

कॅनबेराची आणखी एक गंमत. इथे कुणाचंच घर स्वतःच्या जमिनीवर नाही. या राजधानी प्रदेशातली जमीन विकत मिळत नाही, ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते. आम्ही घर घेतलं तेव्हा वकिलांनी कागद पुढे सरकवला, मी सही केली आणि म्हटलं, आजी, बघ, खोताची नात कूळ झाली. नवऱ्याला हा विनोद कळला नाही, तो पुण्याचा, फ्लॅटमध्ये वाढलेला.

भाडेपट्ट्यावरूनच इथे एक ठिणगी पडली होती. जानेवारी १९७२ मध्ये त्यावेळचे पंतप्रधान विल्यम मॅकमहन यांनी जाहीर केलं, की ॲबोरिजिनल लोकांना जमिनीची मालकी मिळणार नाही, फार तर ५० वर्षांचे पट्टे मिळतील. म्हणजे ज्यांची जमीन त्यांनाच भाड्याने! दुसऱ्या दिवशी, २६ जानेवारीला, चार तरुण सिडनीहून येऊन जुन्या संसदेसमोरच्या हिरवळीवर बसले. डोक्यावर समुद्रकिनाऱ्यावरची एक छत्री. म्हणाले, आम्ही आमच्याच देशात परके असू तर इतर परक्यांसारखी आमचीही वकिलात पाहिजे. तंबूतली ती वकिलात आजही तिथे आहे. मला विचाराल तर ७०,००० हातांपेक्षा ती एक छत्री मोठी कलाकृती आहे. सरकारच्याच तर्काने सरकारची फजिती करणारी, आणि खर्च किती, तर एका छत्रीचा.

एवढं सगळं वाचून-ऐकून झालेलं असताना १४ ऑक्टोबर २०२३ चं सार्वमत आलं. ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेटच्या लोकांचं म्हणणं संसदेपुढे मांडणारं एक सल्लागार मंडळ घटनेत असावं की नाही, एवढाच प्रश्न. आमच्या मराठी ग्रुपवर तेव्हा महिनाभर धुमाकूळ. ‘आपण नंतर आलो, आपला काय संबंध’ असं म्हणणारे बरेच. ‘आपल्याकडे आरक्षणाने काय झालं बघितलंत ना’ असं म्हणणारेही निघाले, मग त्यांना उत्तर देणारे, मग ॲडमिनने ग्रुप दोन दिवस कुलूपबंद केला. ही तीच मंडळी, जी गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात सुरुवातीला या भूमीच्या मूळ रखवालदारांना वंदन करतात. इथली रीतच आहे ती, प्रत्येक सभेआधी ते चार शब्द म्हणायची. आमचे निवेदक ते इतक्या वेगाने म्हणतात, की पुढच्या वाक्याला ‘शुभमंगल सावधान’ येईल असं वाटतं.

देशभरातून सुमारे ६० टक्के मतं ‘नको’ला पडली. सहाही राज्यांनी नको म्हटलं. फक्त आमच्या राजधानी प्रदेशाने हो म्हटलं. सोमवारी ऑफिसात त्या शेजारच्या टेबलावरच्या बाई दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत. मीही काही बोलले नाही. हसवायला या वेळी माझ्याकडे काही नव्हतं.

उगाच इथल्या लोकांकडे बोट दाखवू नये. आपल्या स्टेशनांच्या भिंतींवर वारली चित्रं असतात, कुर्त्यांवर असतात, मीही इथे दिवाळीला भेट म्हणून तसले कोस्टर वाटलेत. आणि २०१८ मध्ये नाशिकहून चालत, पाय सोलवटून मुंबईला आलेल्या आदिवासी शेतकऱ्यांची एक प्रमुख मागणी होती, की २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे आमचे दावे निकाली काढा. चित्राला हात लावायला सगळे तयार असतात.

शाळेच्या हिरवळीवर हात रोवून झाल्यावर एका आंटींनी मुलांचं स्वागत केलं. आंटी म्हणजे आपली मावशी-काकूच. ॲबोरिजिनल समाजात वडीलधाऱ्यांना आदराने आंटी, अंकल म्हणतात, रक्ताचं नातं असो नसो. मुलं वर्गात गेल्यावर त्या बाकावर बसून चहा घेत होत्या. मी बिस्किटांची ताटली पुढे केली. त्यांनी विचारलं, ‘तुझी कंट्री कोणती?’

‘इंडिया.’

‘तो पासपोर्ट झाला,’ त्या म्हणाल्या. ‘कंट्री कोणती?’

मला उलगडायला दोन क्षण लागले. अहो, त्या ‘गाव कोणतं’ विचारत होत्या! आपल्याकडे तीन पिढ्या गिरगावात काढलेला माणूसही ‘मूळ गाव?’ म्हटल्यावर मालवण सांगतो, तेच. मी खाडी सांगितली, खारफुटी सांगितली, पावसात लाल होणारं पाणी सांगितलं. त्या मान डोलवत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘आता कोण सांभाळतं ती जमीन?’

मी म्हणाले, ‘आमच्याकडे नाही ती आता.’ गेली, असं म्हणणार होते, इंग्रजीत ते क्रियापद सापडलं नाही.

‘ते कळलं. पण सांभाळतं कोण? नाव काय त्यांचं?’

मला माहीत नव्हतं. बिस्किटांची ताटली हातात धरून मी उभी.

त्या रात्री मुलगी झोपल्यावर लॅपटॉप उघडला. महाभूलेखवर जिल्हा, तालुका, गाव. सर्व्हे नंबर ठाऊक होता, आजीच्या तक्रारीत तो कायम असायचा, आरतीसारखा पाठ. वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाकायची ती पायरी दोनदा चुकले. मग सातबारा आला. चार खातेदार. चौघांची पहिली नावं वेगळी, मधलं नाव एकच. म्हणजे ‘तो’. मी ते नाव मोठ्याने वाचलं. दोनच अक्षरांचं साधं नाव होतं.

भारतात तेव्हा संध्याकाळ होती. बाबांना फोन लावला. म्हटलं, ‘मळ्याच्या कुळाचं नाव तुम्हाला ठाऊक होतं?’

‘होतं की,’ बाबा म्हणाले. ‘आईसमोर घ्यायचं नाही, एवढंच.’

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग त्यांनी विचारलं, ‘आता कोण कोण आहे सातबाऱ्यावर?’ मी एकेक नाव वाचायला लागले. तिसऱ्या नावाला ते म्हणाले, ‘थांब, थांब. हा माझ्या वर्गात होता.’